वरचं, खालचं

सहावीच्या चाचणीत मगदूम सरांनी विचारलं होतं:
चाळणे आणि गाळणे, फरक स्पष्ट करा. गुण चार.
मी लिहिलं, चाळायला कोरडं लागतं, गाळायला ओलं.
चाळताना हात हलवायचा, गाळताना हात थांबवायचा.
मग लिहिलं, चाळल्यावर आई खालचं ठेवते,
गाळल्यावर वरचं.
सरांनी 'आई'खाली लाल रेघ ओढली
आणि दोन गुण दिले.

सरांना आमचा धंदा माहीत नव्हता.
शाळेच्या अर्जावर धंद्यापुढची जागा आम्ही गाळली होती.
झारेकरी, असं लिहायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

गंगावेशीत म्हशींच्या धारा सुरू व्हायच्या आत
आई गुजरीत पोचलेली असायची.
शटरं बंद. ती पायऱ्या झाडायची,
पोतदारांच्या फळीखालचं, गटाराच्या कडेचं,
फरशीच्या सांध्यातलं दातण घालून उकरायची.
पोतंभर माती. त्यात कुठंतरी
कानशीच्या दातातनं उडालेलं सोनं,
कुणाच्या तरी पाटलीचं,
वजनात न धरलेलं.

परड्यात तीन चाळणी.
पहिलीची भोकं मसुरीएवढी:
वर राहायचे खडे, विड्यांची थोटकं,
एकदा एक दुधाचा दात.
दुसरी रव्याची.
तिसरी मैद्याची, पितळी जाळीची,
तिला हात लावायची मला बंदी.
"मी चाळतो, तू नुसतं बघ," आई म्हणायची.
"चाळणीला अक्कल नसती. तिला फकस्त माप कळतंय.
मोठ्ठं ते वर.
सोनं हाय का शेण हाय, ती इचारत न्हाई."

मग परातीत पाणी. हलकी माती काठावरनं सोडून द्यायची,
तळाला उरायची काळी रेघ.
त्या रेघेत पारा.
आई अंगठ्यानं मळायची, कणीक मळावी तसा,
आणि धोतराच्या जुन्या तुकड्यात बांधून पिळायची.
कापडातनं थेंब थेंब पारा परातीत,
जिवंत असल्यासारखा पळायचा,
आम्ही भावंडं मांजरासारखी त्याच्या मागं.
फडक्यात राहायचा एक राखाडी गोळा, वाटाण्याएवढा.
"गाळताना दम धरावा लागतोय," आई म्हणायची,
"जायाचं ते आपसूक जातंय."

तो गोळा मग चुलीवर, पळीत.
पिवळा व्हायचा.
उरलेला पारा कुठं गेला,
हे मी कधी विचारलं नाही.

आता मी कळंब्याच्या फिल्टर हाऊसला असते.
वर गढूळ, मध्ये तुरटी, वाळू, गोटे,
खाली काचेसारखं.
शाळांच्या सहली येतात.
परवा एक मुलगा म्हणाला, ताई, पाण्यातलं मीठ गाळलं जातं का?
नाही, म्हटलं. विरघळलेलं गाळता येत नाही,
ते पाण्याबरोबरच जातं.
त्यानं वहीत लिहून घेतलं.

आईचे हात थरथरतात.
डॉक्टर आधी म्हणाले, वय आहे.
मग विचारलं, धंदा काय होता?
या वेळी जागा गाळली नाही, सांगितलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

तिला चहाची गाळणी धरवत नाही, मी गाळते.
चहाचं उलटं असतं, वरचं फेकायचं.
बशीत दिला की चहा काठाशी येतो,
परत आत जातो, परत काठाशी.

संध्याकाळी ती परड्यात बसते, हात मांडीवर,
आणि हात चाळत राहतात,
डावीकडनं उजवीकडं, जुन्याच लयीत,
चाळण नसताना.
काल मी नकळत खाली बघितलं.
तिनं ते पाहिलं.
"काय पडायचं न्हाई एवढ्यात," म्हणाली,
"अजून पैलीच चाळण चालू हाय."